ओल येते कुठून?

पावसाळा लागला की कोकणातल्या जुन्या चिऱ्याच्या घरांतून एकच तक्रार ऐकू येते. कपाटातल्या साड्यांना बुरशी, डब्यातले पापड सादळलेले, भिंतीच्या रंगाला पोपडे. मग वॉटरप्रूफिंगचे डबे येतात आणि पुढच्या वर्षी पोपडे पुन्हा हजर होतात. माझं कळकळीचं सांगणं एवढंच, की आधी ओल कुठून येते ते शोधा, मग पैसे काढा.

जमिनीपासून कमरेपर्यंत भिंत ओली, वर कोरडी, आणि हात फिरवला तर बोटांना पांढरी, खारट पूड लागते, तो लोणा. ही ओल खालून चढते. छताजवळ तपकिरी डाग असेल तर कौलं तपासा. कपाटामागे, कोपऱ्यात काळी बुरशी धरली असेल तर दोष बहुधा हवेतल्या बाष्पाचा. खात्री करायची तर पोपडे खरवडून भिंतीवर वीतभर ॲल्युमिनियम फॉइल लावा, चारी कडा चिकटपट्टीने बंद करा. दोन दिवसांनी खोलीकडच्या बाजूला थेंब दिसले तर पाणी हवेतलं, भिंतीकडच्या बाजूला दिसले तर भिंतीतलं.

हवेत इतकं पाणी येतं कुठून? आपल्याच स्वयंपाकघरातूनही येतं. १४.२ किलोचा एक सिलिंडर जळून संपेपर्यंत २० लिटरहून अधिक पाण्याची वाफ होते. भाताची, आमटीची वाफ वेगळीच. पूर्वी ती कौलांच्या फटींतून निघून जायची. खाली पीओपीचं छत ठोकल्यावर ती कोंडते.

पण सगळ्यांत जास्त नुकसान हौसेने केलेल्या दुरुस्तीने होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. चिरा म्हणजे जांभा, सच्छिद्र दगड. तो पाणी ओढतो आणि चुन्याच्या गिलाव्यातून ते सोडूनही देतो. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि प्लॅस्टिक पेंट चढला की ओल आतच अडकते. सारवलेल्या जमिनीवर लाद्या बसल्या की खालची ओल भिंतीकडे वळते. त्यातच अंगणात काँक्रीट ओतून जोतं बुजवलेलं असतं.

म्हणून भर पावसात छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा. पागोळ्यांचं पाणी भिंतीलगत साचतंय का, पन्हळ कुठे गळतेय, ते डोळ्यांनी बघा. पाणी साचतंय तिथे जमिनीला उतार बाहेरच्या बाजूला काढून घ्या. गिलावा करायचाच झाला तर चुन्याचा करा, आणि त्याआधी भिंतीला एक अख्खा उन्हाळा सुकू द्या.