मेद, रक्ताभिसरण आणि वार्धक्य



नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावाचे पाणी भुयारी नळाने पुण्याच्या हौदांत जाई. असा नळ गाळाने अरुंद झाला, तर पाणी हौदात न पोहोचता भलतीकडे पसरते. वार्धक्यात शरीरातील मेदाचे काहीसे असेच होते.

मेदपेशींभोवती केशवाहिन्यांचे जाळे असते. निरोगी देहात भोजनानंतर तेथील रक्तप्रवाह वाढतो आणि रक्तातील स्निग्धांश त्वचेखालील मेदात सुरक्षित साठतो. वयपरत्वे हे जाळे विरळ होऊ लागते, प्रवाह मंदावतो; मग तोच स्निग्धांश यकृतात व स्नायूंत साचून मधुमेहास निमंत्रण देतो.

बारीक दिसणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३ होता, मेद मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के! ही तुलना २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली.

म्हणून ज्येष्ठांनी केवळ वजनकाट्यावर विसंबू नये. कमरेचा घेर पुरुषांनी ९०, तर स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत राखावा. आहार मित ठेवावा आणि नित्य चालावे, हीच नम्र विनंती.