कॉलेज नेमकं कुणाचं?
(नंदुरबार येथे महिला गटांपुढे केलेल्या भाषणावरून)


शहादा तालुक्यातल्या एका बाईचा प्रश्न घेऊन मी आले आहे. "ताई, जाहिरातीत शासनमान्य लिहिलं होतं. मग सरकार फी का भरत नाही?" घर ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या कितीतरी खाली, मुलगी इंजिनिअरिंगला. सरकारनं मुलींची फी माफ केली, हे त्यांनी ऐकलं होतं, आणि ते खरंच आहे. पण मुलीचा प्रवेश झाला होता बाहेरच्या जिल्ह्यातल्या एका स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठात. तिथे ही माफी नाही. पहिल्या वर्षासाठी आईनं कानातलं मोडलं होतं.

जाहिरात खोटी नव्हती, हीच गोम आहे. खाजगी विद्यापीठसुद्धा विधिमंडळाच्या कायद्यानंच स्थापन होतं. शासनमान्य म्हणजे शासनानं परवानगी दिली. शासन खर्च करील, असं त्यात कुठेच नाही.

आता उलटी बाजू बघा. आपल्याकडची बरीच जुनी कॉलेजं शिक्षणसंस्थांची आहेत. गावात त्यांना सगळे खाजगीच म्हणतात. पण ती जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला संलग्न आहेत, आणि हे विद्यापीठ सार्वजनिक आहे. कायद्याचं नावच 'महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016'. तो 1 मार्च 2017 पासून लागू झाला. आधीच्या 1994च्या कायद्याच्या नावात 'सार्वजनिक' हा शब्द नव्हता. मधल्या काळात खाजगी विद्यापीठं आली, तेव्हा वेगळं सांगायची वेळ आली!

व्याख्या म्हटलं की आपल्याला झोप येते. पण फीचा हिशेब या व्याख्येवरच ठरतो. जुलै 2024च्या शासन निर्णयानं ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत हवं. सरकारी, अनुदानित, इतकंच काय, कायम विनाअनुदानित कॉलेजही त्यात आहे. वगळली आहेत ती खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं. शिवाय प्रवेश केंद्रीभूत फेरीतून हवा. त्याच कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर जागा घेतली, तर माफी गेली. त्या मुलीनं सीईटी दिली होती. पण फेऱ्या सुरू व्हायच्या आधीच एजंट घरी आला, "जागा भरतायत" म्हणाला, आणि वडिलांनी आगाऊ रक्कम भरून टाकली. मुलीला कुणी विचारलंच नाही.

2011च्या जनगणनेनुसार आपल्या जिल्ह्यात दहांतली जवळजवळ सात माणसं आदिवासी. आदिवासी मुलींची शिष्यवृत्ती वेगळी, तिचे नियम वेगळे; पण कॉलेज कोणत्या प्रकारात बसतं, हे तिथेही पैसे भरण्याआधीच विचारायचं. तोंडी उत्तर घेऊ नका, लेखी मागा.

एका गोष्टीत मात्र कायदा हा भेद मानत नाही. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील, तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवीच. 2013चा कायदा आहे. "आमची संस्था खाजगी आहे," हे उत्तर चालत नाही. समितीतल्या बायकांची नावंही त्याच फेरीत विचारून घ्या.

त्या मुलीचं दुसरं वर्ष चालू आहे, फी हप्त्यांनी जाते. यंदा बारावीचा निकाल लागला की एजंटाच्या आधी आपण घरोघरी पोचायचं, असं आम्ही ठरवलंय. तळोदा आणि अक्कलकुव्याला बायका कमी पडतायत. कोण येणार, आत्ताच नावं सांगा.