पोलादाच्या गावचा चेंडू



अमेरिकेतला फुटबॉल म्हटला की अंडाकृती चेंडू बगलेत धरून धावणारे धिप्पाड गडी आपल्या डोळ्यांपुढे येतात. पण पायाने खेळायचा फुटबॉलही तिथे जुनाच आहे. त्याच्या आरंभकाळातील एका बलाढ्य संघाविषयी आम्ही आज बोलणार आहो.

पेनसिल्व्हानियातील बेथलेहेम हे पोलादाचे गाव. १९०७ साली तिथे एक हौशी संघ निघाला. पुढे पोलाद कंपनीने तो आपल्या पंखांखाली घेतला, आपलेच नाव दिले. स्कॉटलंडातून कसलेले खेळाडू आणावेत, कारखान्यात कामाला लावावेत आणि सुटीला मैदानात उतरवावेत, अशी रीत पडली. मग काय विचारता! १९१५ ते १९१९ या पाच वर्षांत राष्ट्रीय चषक चार वेळा. १९१९ साली स्वीडन-डेन्मार्कचा दौरा. १९२४-२५ च्या मोसमात आर्ची स्टार्क या ग्लासगोत जन्मलेल्या गड्याने लीगमध्ये गोल केले सदुसष्ट. होय, ६७!

आणि प्रेक्षक? ते मात्र बेताचेच. १९२१ साली संघ फिलाडेल्फियाला नेऊन पाहिला. तिथे लीगचे अजिंक्यपद मिळाले, गर्दी मिळाली नाही. वर्षाने बिऱ्हाड परत. १९२८ साली लीग आणि राष्ट्रीय संघटना यांत जुंपली. लीगचा हुकूम मोडून संघ चषकासाठी खेळला, म्हणून लीगने त्याला बाहेर काढले. त्यात मंदी आली. संघ कंपनीचा होता, गावाचा तो कधी झालाच नव्हता, असे आम्हांला वाटते. १९३० साली कंपनीने हात आखडता घेतला आणि संघ मोडला.