दोन्ही टोके तपासा
(वार्षिक सभेतील व्याख्यान)



आपल्या पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली तिने ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला, हे आपण वाचले असेल. त्याच्या पोटात एकच प्रचंड मेंदू नव्हता. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या ‘ट्रान्सप्युटर’ नावाच्या अनेक चिप एकमेकींना जोडलेल्या होत्या. शेजारच्या चिपशी बोलायला प्रत्येकीला चार लिंक असत. प्रत्येक लिंकमध्ये जायची एक तार आणि यायची एक.

तारेवरून बिट एकामागून एक जातात. सोबत घड्याळाची वेगळी तार नसते. मग एक बिट कुठे संपला हे ऐकणाऱ्या चिपला कसे कळावे? वर्गातले श्रुतलेखन आठवा. गुरुजींच्या आणि तुमच्या मनगटावरची घड्याळे जुळण्याची गरज नसते. सांगण्याची आणि लिहिण्याची गती मात्र जुळावी लागते. ट्रान्सप्युटरला बाहेरून ५ मेगाहर्ट्झचे घड्याळ देत. आतले मंडल ते गुणून वाढवी. लिंकची गती सेकंदाला ५, १० की २० मेगाबिट, हे काही पिनांच्या जोडणीवरून ठरे. २०च्या गतीला एक बिट ५० नॅनोसेकंद टिकतो, १०च्या गतीला १००. प्रत्येक बाइटच्या आरंभी सूचक बिट येई आणि तो दिसताच ऐकणारी चिप नव्याने मोजू लागे. त्यामुळे दोन घड्याळांतला बारीक फरक साचत नसे. मग उलट दिशेने दोन बिटांची पोच जाई.

उमेदवारीच्या काळात मी असे दोन बोर्ड जोडले. पडदा गप्प. मी तार बदलली, डाग पुन्हा दिले, प्रोग्रॅम दहादा वाचला. तीन दिवस गेले. “हे आपले काम नव्हे, मामांच्या दुकानात बसावे,” असे मी घरी सांगूनही टाकले. चौथ्या दिवशी एका वयस्क तंत्रज्ञांनी विचारले, “दोन्ही टोकांची गती पाहिलीस का, बेटा?” मी एकच पाहिली होती. एकीकडे २०, दुसरीकडे १०! पाठवणारी चिप न येणाऱ्या पोचेची वाट पाहत बसली होती. एक जंपर हलवला आणि अक्षरे उमटली.

आज आकडे वाढले, गोष्ट तीच आहे. पीसीआय एक्सप्रेसच्या पहिल्या पिढीत १०० मेगाहर्ट्झचे घड्याळ २५ पट करून २.५ गिगाबिटची गती मिळते. बोर्डावर १२५चे घड्याळ असेल आणि रजिस्टरमध्ये १०० धरून २५ हाच गुणक लिहिला, तर गती ३.१२५ होईल आणि समोरची चिप तिला ओळखणार नाही. घड्याळ चांगले, चिपही चांगली; चुकला तो हिशेब.

विद्यार्थ्यांनो, म्हणून बोर्डावरचा आकडा डोळ्यांनी वाचा, गुणाकार कागदावर करा आणि मगच रजिस्टर लिहा. या कामाची सुरुवात करायला पाढे आणि चिकाटी पुरते. आयटीआय किंवा पदविकेचा विद्यार्थीही ती करू शकतो.

आणि पालकहो, तुमचे मूल एखाद्या विषयात गप्प बसले, तर त्याला बुद्धी नाही असे ठरवून शाळा सोडवू नका. शिकवणाऱ्याची गती आणि शिकणाऱ्याची गती, दोन्ही पाहा. माझ्याबाबत चौथ्या दिवशी कोणीतरी तेवढे विचारले, म्हणून आज मी आपल्यापुढे उभा आहे.