‘भारी खेळायचा’ एवढंच सांगू नका : प्रो कबड्डीच्या आधीचे आपले खेळाडू

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



आज कबड्डीवर बोलायचंय. पण सध्याच्या कबड्डीवर नाही. ती तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघता. मंचरला, नारायणगावला, ओतूरला, घोडेगावला, कुठल्याही चहाच्या टपरीवर उभं राहा. पोरं तुम्हाला सांगतील की कोणाच्या किती चढाया झाल्या, किती सुपर टेन, कोणाला किती कोटीला घेतलं. सगळं तोंडपाठ. मग शेजारी बसलेला साठी-पासष्टीचा माणूस म्हणतो, “आमच्या वेळचे बघितले असते तर बोलला नसता तू.” पोरगं विचारतं, “काय करायचे ओ?” आणि उत्तर येतं, “लई भारी खेळायचे.”

संपलं. पुढे काही नाही. पोरगं परत मोबाईलमध्ये.

मला वाटतं, आपल्या जुन्या खेळाडूंचं सगळ्यात मोठं नुकसान या एका वाक्यात होतं. त्यांचं चित्रीकरण नाही, आकडे नाहीत. जे आहे ते बघणाऱ्याच्या डोक्यात आहे. आणि बघणाऱ्याने ‘भारी’ म्हणून विषय मिटवला की तो खेळाडूही मिटला. म्हणून आजचा भाग खेळाडूंवर आहे, तेवढाच तुमच्या-माझ्यासारख्या बघणाऱ्यांवरही आहे.

आधी एक गैरसमज काढू. लोक म्हणतात, २०१४ च्या आधी कबड्डी हौशी होती, नंतर व्यावसायिक झाली. २६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली हे खरं. पहिल्या लिलावात सगळ्यात महागडा खेळाडू होता राकेश कुमार, १२ लाख ८० हजारांना. पुढे हा आकडा दोन कोटींच्या वर गेला. पण त्याच्या आधी खेळावर कोणाचं पोट चालत नव्हतं असं नाही. चालायचं, पण नोकरीच्या रूपात. महिंद्रा, एअर इंडिया, मध्य रेल्वे, देना बँक, भारत पेट्रोलियम, पोलीस अशा सगळ्यांचे संघ असायचे. पोरगा चांगला खेळतोय असं कळलं की त्याला नोकरीत घ्यायचे. हजेरी लावायची, काम करायचं, सराव करायचा आणि स्पर्धेला कंपनीचा बनियन घालून उतरायचं. गुडघा गेला तर खेळ गेला, आणि खेळ गेला की साहेबाची नजर बदलली. आता याला हौशी कसं म्हणायचं? गंमत बघा, देशाच्या संघटनेचं नावच ‘अमॅच्युअर कबड्डी फेडरेशन ऑफ इंडिया’ आहे. नाव हौशी, पण खेळणाऱ्याच्या घरचा किराणा त्या खेळावर भरलेला.

आता कोणी म्हणेल, कंपन्या मुंबईत, आपला जुन्नर-आंबेगावचा काय संबंध? तर संबंध आहे, आणि घट्ट आहे. आपल्या भागातली किती घरं मुंबईच्या पगारावर उभी राहिली ते आठवा. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी माथाडी. डबेवाले तर जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ याच पट्ट्यातले. ही माणसं लालबाग, परळ, दादर, प्रभादेवी भागात राहायची. एका खोलीत पंधरा-पंधरा जण, पाळीपाळीने झोपायचे. संध्याकाळी करमणूक काय? भजन, तमाशाची बारी, नाहीतर मंडळाची कबड्डी. तिकीट नाही, मैदानाच्या कडेला उकिडवं बसायचं. देशातले चांगल्यातले चांगले खेळाडू हातभर अंतरावरून बघितलेले प्रेक्षक आपल्या गावात होते. जत्रेला गावी आले की तेच खळ्यात चुना मारून पोरांना शिकवायचे, कोपरा कसा धरायचा, साखळी कशी करायची.

मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपात. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. माणसं गावी परतली. गिरणगावातल्या मंडळांचा प्रेक्षक पातळ झाला. आपल्याकडे जी माणसं आली ती आठवणी घेऊन आली, आणि त्यांच्यातले बरेच आता राहिले नाहीत. जे आहेत त्यांचंही वय झालंय. घाई आहे ती याच्यासाठी.

आता थोडी नावं घेतो. सदानंद शेट्ये. कबड्डीतला पहिला अर्जुन पुरस्कार, साल १९७२. शकुंतला खटावकर, आपल्या पुण्याच्या, १९७८-७९ चा अर्जुन पुरस्कार. शांताराम जाधव, पुण्याचेच, तेही अर्जुन पुरस्काराचे मानकरी. राजू भावसार, अर्जुन पुरस्कार विजेते. अशोक शिंदे, १९९० च्या बीजिंग आणि १९९४ च्या हिरोशिमा अशा दोन्ही एशियाडच्या सुवर्णपदक विजेत्या संघात. बीजिंगला कबड्डी पहिल्यांदा पदकाचा खेळ म्हणून होती. तिथून २०१४ पर्यंत सलग सात वेळा सुवर्ण आपलं. २०१८ ला इराणने ती साखळी तोडली.

यातली किती नावं टपरीवरच्या पोराला माहीत आहेत? आणि ही तर पुरस्कार मिळालेली माणसं, म्हणजे सरकार दरबारी निदान एक ओळ तरी यांची आहे. शकुंतलाताईंना राज्याचा शिवछत्रपती जीवनगौरव मिळाला तो अर्जुन पुरस्कारानंतर चाळीसहून अधिक वर्षांनी. हे नावाजलेल्यांचं झालं. त्यांच्या खालच्या पायरीवरचा, जो राज्याच्या संघाच्या उंबऱ्यापर्यंत गेला, कंपनीकडून दहा-बारा वर्षं खेळला आणि गावी येऊन कांदा-बटाटा करतोय, त्याची ओळ कुठे आहे?

विसरण्यातही एक पद्धत आहे बरं का. चढाई करणारा लक्षात राहतो. तो एकटा जातो, सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. पकड करणारा राहत नाही. त्यातही साखळीतला, ज्याने चढाईपटूला फक्त कोपऱ्याकडे ढकललं आणि पकड दुसऱ्याच्या नावावर गेली, तो तर अजिबात नाही. जुन्या सामन्यांची गुणपत्रिका सापडली तरी त्यात त्याचं नाव नसतं, कारण ढकलण्याचा गुण नसतो. तो फक्त बघणाऱ्यालाच सांगता येतो.

दुसऱ्या विसरलेल्या म्हणजे बाया. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९५५ पासून आहे. पण एशियाडमध्ये महिला कबड्डी आली २०१० ला, ग्वांगझूला. पुरुषांनंतर बरोबर वीस वर्षांनी. म्हणजे जी मुलगी १९९० ला वीस वर्षांची होती, ती २०१० ला चाळीस. तिच्या अख्ख्या पिढीला एशियाड नावाची गोष्टच नव्हती. २०१२ ला पाटण्यात भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, त्या संघात महाराष्ट्राच्या दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे होत्या, आणि राज्य सरकारने तिघींना प्रत्येकी एक कोटी जाहीर केले. चांगलं झालं. २०१६ ला टीव्हीवर मुलींची छोटी लीग झाली, तीन संघांची, तेवढ्या एका हंगामापुरती. आता त्यांच्या आधी, साडीवरून ट्रॅकपँटवर येताना घरी भांडून मैदानात आलेल्या ज्या होत्या, त्या आज आपल्याच गावात कोणाच्या तरी आजी आहेत. नातवाला माहीत नाही.

बरं, जुन्या-नव्याची तुलना आकड्यांनी करता येत नाही, हेही ध्यानात घ्या. तेव्हा माती, आता मॅट. मातीत पाय रुततो, मॅटवर बूट पकड घेतो. आता चढाईला तीस सेकंद घड्याळात मोजतात. तेव्हा पंचाचा कान दमाकडे. दम तुटला की बाद. काही स्पर्धा संजीवनीच्या, म्हणजे समोरचा एक बाद केला की आपला एक परत आत. काही गामिनीच्या, बाद झाला तो लोण चढेपर्यंत बाहेरच. आता गामिनीत शेवटचा एकटा उरलेला खेळाडू दहा मिनिटं टिकला, याचं मोल ‘दोन गुण’ लिहून कसं कळणार? म्हणून आकडा नसला तरी वर्णन पाहिजे.

वर्णन म्हणजे काय, त्याचा नमुना देतो. आपल्या आंबेगावातल्या एका कोपरारक्षकाबद्दल मी एका जुन्या गिरणी कामगाराला विचारलं. नाव घेत नाही, घरच्यांची परवानगी अजून घ्यायची आहे. म्हातारा आधी म्हणाला, “भारी होता.” मी सोडलं नाही. म्हणालो, बाबा, हात कुठं असायचे त्याचे? मग ते उठून उभे राहिले. म्हणाले, “हात गुडघ्यावर. पायाकडे बघायचाच नाही तो. खांदा बघायचा चढाईवाल्याचा. खांदा वळला की पाय येणार हे त्याला आधीच कळायचं. मग चवडा धरायचा, आणि धरला की वर नाही ओढायचा, खाली दाबायचा. वर ओढला तर गडी उडी मारतो म्हणे.”

झाला ना खेळाडू उभा समोर? मी त्याला कधी खेळताना पाहिलं नाही, पण आता तो मला माहीत आहे. त्या एका ‘हात कुठं असायचे’ने काम केलं.

आता जरा लांबचं उदाहरण, कारण ते आपल्याला लागू आहे. अमेरिकेत बास्केटबॉलची एनबीए सगळ्यांना माहीत. तिच्याच तोडीला १९६७ ते १९७६ एक दुसरी लीग होती, एबीए. लाल-पांढरा-निळा चेंडू. तीन गुणांचा लांबचा फेक तिनेच लोकप्रिय केला, एनबीएने तो १९७९ ला घेतला. १९७६ ला चार संघ एनबीएत गेले, बाकीचे बंद. टीव्हीवर फारसे सामने नाहीत, त्यामुळे ज्युलियस अर्विंगसारखे मोजके सोडले तर बाकीचे खेळाडू लोक विसरले. त्यातले काही म्हातारपणी औषधाला महाग झाले. तेव्हा इंडियानापोलिसमधल्या चाहत्यांनी, लहानपणी त्यांचे सामने बघितलेल्या माणसांनी, ‘ड्रॉपिंग डाइम्स’ नावाची संस्था काढली. एकेका खेळाडूला शोधलं, मदत केली आणि एनबीएच्या मागे लागले. २०२२ मध्ये एनबीएने आणि तिथल्या खेळाडू संघटनेने त्या जुन्या खेळाडूंसाठी २ कोटी ४५ लाख डॉलर मंजूर केले. साधारण ११५ जण पात्र ठरले. अट काय होती? तीन वर्षं किंवा जास्त खेळलेला असावा.

लक्षात आलं का? कोण भारी होता हे कोणी विचारलं नाही. किती वर्षं खेळला हे विचारलं. तारीख, संघ, हंगाम.

आपल्याकडेही तेच. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, तिथे प्रमाणपत्र तपासून घेतात. हलाखीतल्या खेळाडूंसाठी केंद्राचा कल्याण निधी आहे, तिथेही कामगिरीचा कागद लागतो. आणि आपल्या खेळाडूचा कागद कुठे असतो? ट्रंकेत, लग्नाच्या पत्रिकांखाली, वाळवी लागलेला. नाहीतर खोली बदलताना मुंबईतच राहिलेला. एका माणसाला मी ओळखतो. सोळा वर्षं एका कंपनीकडून खेळला, कंपनीने संघ बंद केला, नंतर खातंच बंद झालं. आज त्याच्याकडे पुरावा म्हणून एक सांघिक फोटो आहे, आणि फोटोच्या मागे काही लिहिलेलं नाही. कुठली स्पर्धा, कुठलं साल, काही नाही. त्या फोटोतले सात जण जिवंत असताना विचारलं तर साल निघेल. नंतर तो नुसता बनियन घातलेल्या माणसांचा फोटो.

तर मंडळी, कामाचं बोलू. या आठवड्यात एका माणसाकडे जा. खेळाडू असेल किंवा नुसता बघणारा. फोनचं रेकॉर्डिंग चालू करा, परवानगी विचारून. आणि पाच गोष्टी विचारा.

एक, कुठल्या मैदानात बघितलं, आणि तेव्हा तुम्ही कुठे कामाला होता? साल आठवत नसेल तर संपाच्या आधी की नंतर, थोरल्याच्या जन्माआधी की नंतर, असं विचारा. साल बरोबर निघतं.

दोन, समोर कोणता संघ होता?

तीन, तो चढाई करायचा की पकड, आणि कुठल्या जागेवर उभा राहायचा?

चार, त्याचे हात-पाय कसे चालायचे? जमलं तर उभं राहून दाखवायला सांगा.

पाच, खेळ सुटल्यावर त्याने काय केलं?

घरात फोटो असेल तर मागच्या बाजूला पेन्सिलीने नावं लिहा, डावीकडून उजवीकडे. पेनाने नको, शाई पुढे उतरते. प्रमाणपत्रांचे फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा.

यातून कोणाला पेन्शन मिळेल असं मी सांगत नाही. पण उद्या कोणी विचारलं तर उत्तर असेल. आणि टपरीवरच्या पोराने “काय करायचे ओ?” असं विचारलं, की त्याला सांगता येईल, बस इथं, खांदा कसा बघायचा ते दाखवतो.

तुमच्याकडचं रेकॉर्डिंग आलं की पुढच्या भागात, घरच्यांच्या परवानगीने, नावासकट बोलू. विशेषतः कोपरा आणि साखळीतले खेळाडू पाठवा, आणि आज्यांना विसरू नका.

भेटू पुढच्या भागात. रामराम.