घोड्यासाठी प्रथमोपचार पेटी



माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे. तिथे पर्यटकांना पाठीवर नेणाऱ्या घोड्यावरच अनेक घरांची चूल पेटते. घोडा कुठलाही असो, त्याच्या तबेल्यात प्रथमोपचार पेटी हवीच.

पेटीत थर्मामीटर, सलाईन, पोव्हिडोन आयोडिन, निर्जंतुक गॉज, कापूस, क्रेप बँडेज, बोथट टोकाची कात्री, हातमोजे, टॉर्च आणि खूर साफ करायचा हूक ठेवा. झाकणाच्या आत लिहून ठेवा: निरोगी, विसावलेल्या घोड्याचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, नाडीचे ठोके मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. शेजारी पशुवैद्यकाचा फोन नंबरही लिहा.

जखम आधी सलाईननं धुवा. रक्त वाहत असेल, तर गॉज घट्ट दाबून धरा. घोड्याला धनुर्वात लवकर होतो, म्हणून खिळा टोचल्याची छोटी जखमही डॉक्टरांना दाखवा.

घोडा पाय आपटतोय, वळून पोटाकडे बघतोय, लोळतोय? मग पोटशूळ असू शकतो. चारा काढून घ्या आणि लगेच डॉक्टरांना बोलवा. वेदनाशामक औषध मात्र स्वतःच्या मनानं देऊ नका.

दर महिन्याला पेटी उघडून औषधांची मुदत तपासा. मुक्या जिवाची काळजी ही आपलीच जबाबदारी आहे.