‘पेशी कमी झाल्यात’ म्हणजे नेमकं काय?

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला कॉम्प्युटरवर बोलायला सांगितलं होतं. पण दोन वर्षांपासून आमच्या घरात ज्या विषयाने ठाण मांडलंय, त्यावर बोलते असं मी त्यांना म्हटलं. तो विषय म्हणजे रक्त. मी डॉक्टर नाही. जे सांगते ते डॉक्टरांना विचारून, समजून घेऊन सांगते.

माझ्या मावसभावाचा मुलगा 19 वर्षांचा. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं, मार न लागता पायावर काळेनिळे डाग पडायचे. घरचे म्हणाले, उष्णता झाली. गुलकंद झाला, सब्जा झाला. मग थकवा आला म्हणून लोहाच्या गोळ्या आणि सलाईन. दीड महिना असाच गेला. शेवटी बीडला सीबीसी केली. हिमोग्लोबिन 5, पांढऱ्या पेशी 1,200 आणि प्लेटलेट 11 हजार.

डेंग्यूच्या साथीपासून ‘पेशी कमी झाल्यात’ हे वाक्य आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. पण पेशी तीन प्रकारच्या. तांबड्या पेशी प्राणवायू वाहतात. पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात. त्या साधारण 4 ते 11 हजार असाव्यात. प्लेटलेट रक्त थांबवतात; त्या दीड ते साडेचार लाख. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवस, तर काही पांढऱ्या पेशी जेमतेम एखादा दिवस. म्हणजे नवा माल सतत तयार व्हायलाच हवा. आपलं शरीर दर सेकंदाला सुमारे 20 लाख तांबड्या पेशी बनवतं. हा कारखाना हाडांच्या आत असतो. मटणाची नळी खाणाऱ्यांना तो गर माहीत आहे. त्यालाच अस्थिमज्जा म्हणतात.

आपल्या भागात, विशेषतः ऊसतोडीला जाणाऱ्या बायांमध्ये, हिमोग्लोबिन कमी असणं नेहमीचंच. बहुतेक वेळा ते लोहाच्या कमतरतेने असतं आणि गोळ्यांनी भरून येतं. पण तिन्ही पेशी एकदम कमी झाल्या, तर कच्चा माल कमी पडलाय की कारखानाच बंद पडतोय, हे बघावं लागतं. बी-12 ची कमतरता, काही ताप, काही औषधं, ब्लड कॅन्सर अशी कारणं असू शकतात. म्हणून कमरेच्या हाडातून मज्जेचा नमुना घेऊन तपासतात. आमच्या मुलाची मज्जा जवळजवळ रिकामी निघाली. या आजाराला अप्लास्टिक अॅनिमिया म्हणतात. हा कॅन्सर नाही आणि संसर्गजन्यही नाही. बहुतेकदा शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जेवर उलटते. किरणोत्सर्ग आणि बेन्झीनसारखी रसायनंही कारण ठरू शकतात. मेरी क्युरी 1934 मध्ये याच आजाराने गेल्या.

उपाय दोन. एक, प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं. दुसरा, दुसऱ्याची निरोगी मज्जा देणं, म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट. भारतातला पहिला ट्रान्सप्लांट 1983 साली आपल्याच राज्यात, मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केला. लहानपणी पोलिओ झालेले, व्हीलचेअरवर वावरणारे हे डॉक्टर. पेशंट होती नऊ वर्षांची मुलगी, ब्लड कॅन्सरची, आणि मज्जा दिली तिच्या भावाने.

आता गणित. मज्जा देणाऱ्याचा रक्तगट नाही, तर एचएलए जुळावा लागतो. सख्ख्या भावंडाचा तो पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. एकच भावंड असेल तर 25 टक्के, दोन असतील तर 44, चार असतील तर 68. आपल्या पिढीत चार-पाच भावंडं सहज असायची. आपल्या मुलांना एखादंच. आई-वडिलांकडून अर्धी जुळणारी मज्जा घेऊनही आता उपचार होतात, पण पूर्ण जुळणारा दाता मिळणं कधीही चांगलं. तो घरात नसेल तर बाहेर शोधावा लागतो, आणि परदेशातल्या लोकांपेक्षा आपल्याच लोकांत सापडण्याची शक्यता जास्त. त्यासाठी चेन्नईची दात्री ही संस्था 2009 पासून दात्यांची नोंदणी करते. नाव नोंदवताना गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून नमुना घेतात, एवढंच.

आमच्या मुलाला त्याच्या धाकट्या बहिणीची मज्जा जुळली. ‘पोरीची कंबर जाईल, उद्या लग्न कसं होईल’ असं गावात बरेच जण बोलले. मज्जा भूल देऊन कमरेच्या हाडातून सुईने काढतात. हाड कापत नाहीत. काढलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते. ती चार-पाच दिवस दुखतंय म्हणाली, मग कॉलेजला गेली. ट्रान्सप्लांटला आता आठ महिने झाले. मुलगा घरी आहे. औषधं चालू आहेत, गर्दीत जायला अजून मनाई आहे, पण मागच्या तपासणीत प्लेटलेट एक लाख दहा हजार आल्या.

तुमच्याकडे माझी तीन मागणी आहेत. कारण नसताना डाग, हिरड्यांतून रक्त, पुन्हा पुन्हा ताप असं दिसलं की आधी सीबीसी करा आणि तिन्ही आकडे बघा. घरात असा पेशंट असेल तर भावंडांनी त्याला घाईने रक्त देऊ नये, आधी डॉक्टरांना विचारावं. त्याने पुढे मज्जा स्वीकारण्यात अडचण येऊ शकते. रक्त गावाने द्यावं. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, त्यामुळे दाते सतत लागतात. आणि तिसरं, आपली चाळिशी उलटली, पण आपली मुलं अठराची झाली आहेत किंवा होतील. त्यांना दाता म्हणून नाव नोंदवायला सांगा.

आज दुपारी जेवणानंतर मी शाळेच्या व्हरांड्यात बसणार आहे. ज्यांना विचारायचं असेल त्यांनी रिपोर्ट घेऊन या. मी उपचार सांगणार नाही, पण कुठे जायचं आणि काय विचारायचं ते नक्की सांगेन.